दहावी फळी

सातिवलीत सिमेंटच्या तयार कुंपणभिंती बनवणाऱ्या नरहरीशेठनी भिंती-कठडे उड्या मारत ओलांडणाऱ्या विरारच्या पार्कूर संघाचा खर्च उचलायचं ठरवलं. अट एकच: जाहिरातीत कप्तान उन्नतीने चोर व्हायचं, भिंत चढताना पडायचं. "काका, खोटं पडायला मला जमत नाही," ती म्हणाली. "खरी पडले तर खुशाल दाखवा." एकावर एक बसवलेल्या फुटाफुटाच्या आठ सिमेंट-फळ्यांची भिंत ती कॅमेऱ्यासमोर सहज ओलांडून गेली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या आणि शेठकडे बघून हात खिशात घातले. शेठनी नववी फळी चढवली. उन्नती पुन्हा पलीकडे. "माझा धंदा बुडवशील, बाई," म्हणत त्यांनी दहावी बसवली. या खेपेला बोटं निसटली आणि ती पाठीवर आपटली. "झकास पडलीस." शेठनी तिथेच करारावर सही ठोकली. उन्नती उठली, तळहातांना माती चोळून पुन्हा भिंतीसमोर उभी राहिली. "अगं, झालं की." "तुमचं झालं, काका. माझं राहिलंय."