डब्यातला पेटा

कागेहाने झाकण अर्धंच उघडलं आणि लगेच दाबून बसवलं.

मक्याच्या पिठाच्या उगालीच्या गोळ्याशेजारी कोंबडीची तंगडी होती आणि तंगडीला टेकून पेटा. कोंबडीच्या पोटातला तो घट्ट, चिवट तुकडा घरच्या पुरुषाचा. मारागोली लोकांच्या गावांत हे रांगत्या पोरालाही कळतं. बाईने तो ज्याला वाढला, तो त्या घरचा.

पहाटे डबा भरताना आई एवढंच म्हणाली होती, "आता तूच खा. ठेवायचा कुणासाठी?" बाबांनी एल्डोरेटला दुसरा संसार मांडला, हे फक्त दोघींना माहीत होतं. गावासाठी बाबा नोकरीवर होते. नाताळला येणार होते.

किसुमूचं म्युझियम बघून सहावीचा वर्ग सरोवराकाठच्या बागेत जेवायला बसला होता. कचऱ्याच्या पिंपापाशी टकले ढोक आशेने उभे होते. लुगालिया सर डब्याडब्यांवरून फिरत होते. सहलीला ते स्वतःचा डबा कधी आणत नसत. "मुलांचं अन्न तपासणं ही शिक्षकाची जबाबदारी," असं म्हणायचं आणि तुकडा उचलायचा.

"तपासा, तपासा," एसेंडी मॅडम चपाती मोडत म्हणाल्या. "गेल्या वेळी तपासून तपासून बसमध्ये घोरत होतात."

सर कागेहासमोर थांबले. "काय गं, अंडी उबवतेयस का त्या डब्यात? उघड."

ती उघडेना, तेव्हा शेजारच्या मिदेवाने झाकण ओढलं.

"अगं बाई, पेटा!" मिदेवा ओरडली. "तुझ्या डब्यात? मग बाबा कुठे गेले तुझे?"

सगळ्या मुली वळल्या. हातात चपाती धरून मॅडमही.

कागेहाचे कान तापले. काहीतरी सांगायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता.

"माझा नाहीये तो," ती म्हणाली. "आईने सरांसाठी पाठवलाय."

शब्द तोंडातून गेले आणि मगच तिला ते ऐकू आले.

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू एकीकडून दुसरीकडे जात राहिलं. मिदेवाने तोंडावर हात दाबून धरला.

सरांनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा पेट्याकडे. नको म्हणायला त्यांना भरपूर वेळ होता. त्यांनी दोन बोटांनी पेटा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिले.

"आईला सांग," ते म्हणाले, "मीठ अगदी बेताचं पडलंय."

आता मुली उघड हसल्या. सर पुढच्या डब्याकडे वळले.

मॅडमनी हातातली चपाती खाली ठेवली. रुमालाला बोटं पुसली, उठल्या आणि कागेहाजवळ येऊन बसल्या. आवाज अगदी मायेचा.

"बाबा कधी येणार गं तुझे?"

"नाताळला."

"येऊ देत हो, येऊ देत," तिच्या केसांवरून हात फिरवत मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी त्यांच्या कानावर घालायलाच हवं."