राहतं घर

अमेरिकन वकीलबाई लग्नाआधीच्या कराराचं शेवटचं पान इंग्रजीत वाचून दाखवत होत्या. पेन्शन ज्याची त्याची, शेअर्स ज्याचे त्याचे. इथवर शरयू मान डोलवत होती. बासष्टाव्या वर्षी मोरेश्वरांशी दुसरं लग्न करताना मुलांच्या मनात काही राहायला नको, हे तिचंच म्हणणं होतं.

मग घराचं कलम आलं. मोरेश्वर आधी गेले, तर शरयूने दोन महिन्यांत त्यांचं घर रिकामं करायचं.

मोरेश्वरांनी चष्मा काढला. "हे कोणी घातलं?"

"मी," त्यांची मुलगी अबोली म्हणाली. "काकू, पर्सनली घेऊ नका. शुगर लँड गावातलं ते घर आईने उभं केलं. डायलिसिसहून आली की आधी मागच्या झाडांना पाणी घालायची. तिथे दुसरं कुणी राहिलेलं मला नाही बघवणार."

शरयूला राग आला नाही. भर उन्हाळ्यात एकटीने खोकी भरताना वाकलेली आपली पाठ तेवढी तिला दिसली.

"दोन महिने कधीपासून धरायचे?" तिने विचारलं. "सुतक फिटल्यावर, की त्याच दिवसापासून?"

वकीलबाईंना मराठी येत नव्हतं.

मोरेश्वरांनी पेनाला टोपण लावलं. "अबोली, आईचं घर तू ठेव. मी शरयूच्या टाउनहाउसमध्ये राहायला जाईन."

"बाबा, तिथे जिना आहे. तुमचे गुडघे..."

"चढेन हळूहळू."

त्यांनी वकीलबाईंना इंग्रजीत समजावलं. बाईंनी कलमावर काट मारली आणि शरयूकडे वळून सरळ विचारलं, "मग तुम्ही आधी गेलात, तर यांनी तुमच्या घरात किती दिवस राहायचं?"

जन्मभर, असं शरयूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते घर तिने पहिल्या नवऱ्याच्या मागे विम्याच्या पैशांतून घेतलं होतं. मुलाच्या, देवांगच्या हातात किल्ली ठेवून म्हणाली होती, हे तुझंच आहे. या लग्नाला देवांगने हसत हो म्हटलं होतं. घराचा विषय तेव्हा निघालाच नव्हता.

मोरेश्वर तिच्याकडे बघत होते.

"मला देवांगला एक फोन करावा लागेल," ती खाली बघत म्हणाली.

अबोली उठली आणि आपली खुर्ची मागे ओढून तिने शरयूला जायला वाट करून दिली.