दोन सीटची गाडी

तिसऱ्या पत्र्यावर पहिला ठोका पडण्याआधीच भूपेंद्र बोलून गेला, "मिस्तरी, राहू द्या. बॉनेट मी नाशिकला फायबरचं करून घेतो."

चिंधा मिस्तरींनी मान वर केली नाही. भूपेंद्रने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. तेव्हा त्यांनी हातातला लाकडी हातोडा खाली ठेवला.

धुळ्याजवळ अवधानच्या शेडमध्ये गाडी उभी होती. जुन्या जीपची चेसिस कापून खाली घेतलेली, वर हातांनी ठोकून घडवलेला पत्रा. रंग अजून नव्हता. मिस्तरींनी उभ्या आयुष्यात ट्रकच्याच बॉड्या बांधल्या. अशी गाडी ही पहिली, आणि वय बघता शेवटचीच. फैजपूरला केळीच्या बागा सांभाळणाऱ्या भूपेंद्रने ती कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानावर काढली होती. ते पान भिंतीला चिकटवलेलं होतं. खाली वाया गेलेली दोन बॉनेटं टेकून ठेवली होती, दोन्ही मधोमध सैल पडलेली.

"हात चालस," मिस्तरी म्हणाले. "पन पत्रा काय बोलस, ते ऐकू येत नही आते."

घरातल्या टीव्हीचा आवाज वर्षभर वाढत चालला होता, त्यामुळे डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोला, प्रमिलाबाईंना, ते ठाऊक होतं. पण नवऱ्याच्या तोंडून त्यांनी ते आज पहिल्यांदा ऐकलं. जेवणाचा डबा त्यांनी बाकावर ठेवला, पदर खोचला आणि पत्र्याची कड दोन्ही हातांनी धरली.

"काकू, हात कापेल," भूपेंद्र म्हणाला.

"लगीन व्हयनं, मंग तीन वर्सं मीच पत्रा धरेल शे. तव्हय यास्ना संगे दुसरं कोन व्हतं?" मग नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ठोका."

वाळूच्या पोत्यावर पत्रा, पत्र्यावर हातोडा. पत्रा ताणात असला की खणखणतो. मार जास्त झाला की सैल पडून बद्द वाजायला लागतो. खणखणला की प्रमिलाबाई मान हलवायच्या. आवाज जरा उतरला की अंगठ्याने कड दाबून पत्रा पुढे सरकवायच्या. मिस्तरी पत्र्याकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ठोकत होते.

मधेच प्रमिलाबाईंना हसू आलं.

"काय व्हयनं?" मिस्तरींनी हात थांबवला.

"तव्हय बी तुम्ही असंच मना तोंडाकडे दखेत," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"पण तेव्हा तर ऐकू येत होतं ना?" भूपेंद्रने विचारलं.

हे मिस्तरींना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल. त्यांनी पुन्हा हातोडा उचलला.

चार वाजता बॉनेट गाडीवर बसलं. भूपेंद्रने त्यावरून हात फिरवला, मागे सरून भिंतीवरच्या पानाकडे पाहिलं, परत हात फिरवला. नाशिकचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. गाडी सुरू करून त्याने मिस्तरींसाठी शेजारचं दार उघडलं. "या. पहिली चक्कर तुमची."

मिस्तरींनी प्रमिलाबाईंकडे बोट केलं. शेडमधून शेकडो ट्रक रस्त्याला लागले होते. त्यातल्या एकातही त्या कधी बसल्या नव्हत्या.

"मी? हे असे काळे हात घेऊन?"

"बस."

त्या बसल्या. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, सासरी पहिल्यांदा पाटावर बसावं तशा. गाडी फाटकातून बाहेर पडली. रस्त्यापलीकडच्या टपरीवरचा वना चहा गाळता गाळता तसाच उभा राहिला. गाडी वळणाआड गेली तरी मिस्तरी फाटकाचा गज धरून रस्त्याकडे बघत होते.

पंधरा मिनिटांनी गाडी परत आली. मिस्तरींनी पुढे होऊन दार उघडलं.

प्रमिलाबाई उतरल्या नाहीत. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, पिकलेले केस वाऱ्याने सुटले होते. त्यांनी ते सावरले नाहीत.

"भूपेंद्रभाऊ," त्या समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "पार पारोळालोंग जाई येवूत का?"