शिवेवरचा देव

गोऱ्या साहेबाने सरकारी जंगलाची हद्द दाखवणारा दगड पाड्याच्या शिवेवर पुरला. शिवेवर उभा दगड म्हणजे वाघदेव, एवढं कुठल्याही वारल्याला कळतं. लाखमाने त्याला शेंदूर फासला, कोंबडं कापलं आणि हात जोडले. "देवा, असा लांब नको राहू. माझ्या दारात ये."

वर्षभराने साहेबाचे शिपाई तोच शेंदरी दगड उपटून घेऊन आले आणि त्यांनी तो लाखमाच्या अंगणात पुरला. "देव पावला!" बायको हरखली. लाखमा कोंबडं धरायला धावला.

"दगडामागचं सगळं आता सरकारी जंगल," शिपाई म्हणाला. "तुझं घरसुद्धा. उद्या खाली कर."

लाखमाने हातातलं कोंबडं सोडून दिलं.

"मग हा देव तुमचाच," तो म्हणाला. "आमचा वाघदेव कोंबड्यावर भागवतो."