हिरव्या टोमॅटोचा देठ

“वहिनी, फळ पडलं. माझाच धक्का लागला.”

नणंदेच्या तळहातावर कच्चा, हिरवागार टोमॅटो होता. काचघराच्या दारात वहिनी झारी धरून उभीच राहिली. रानटी टोमॅटोशी केलेल्या संकरातून अख्ख्या हंगामात धरलेलं हे एकच फळ. आणि वहिनीच्या नोकरीतला हा शेवटचा हंगाम.

रानटी बापाच्या पानांना रोग शिवत नाही. तो गुण लेकरात उतरावा म्हणून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दर वेळी फळ झाडावर मजेत लाल व्हायचं आणि आत बिया पोकळ निघायच्या. बीमधलं अन्न आटायचं, गर्भ उपाशी मरायचा.

“कच्चंच उघडू. गर्भ काढून बाटलीत वाढवू,” नणंद कधीची मागे लागली होती. प्रयोगशाळा तिची, काचघर वहिनीचं. घरी भांडायला सवड नाही म्हणून दोघी इथे भांडायच्या.

“एकुलतं एक फळ, वन्सं. पिकू द्या,” वहिनीचं पालुपद ठरलेलं. एक वस्तू जागेवर नसली तर घर डोक्यावर घेणारी ही बाई. पण या झाडाच्या काठीला तिची कात्री मात्र आठवडाभर लटकत होती.

आता वहिनीनं फळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं. नणंद बोलणी खायला तयारच होती.

“न्या. करा काय करायचं ते.” वहिनी पाणी घालायला वळली.

बिया सोलता सोलता नणंदेची मान मोडली. सगळ्या करपलेल्या. मग एकीत, सुईच्या टोकावर मावेल एवढं काहीतरी.

“वहिनी, ये.”

वहिनी सूक्ष्मदर्शकावर वाकली. पांढरं, ओलं, हुबेहूब पत्त्यांतल्या बदामासारखं.

“जिवंत आहे?”

“आहे.”

नणंदेनं तो अलगद उचलून बाटलीत सोडला.

बाटलीत तो बदाम आधी हिरवा झाला, मग त्याला पानं फुटली. झाडावर फळ पिकलंही नसतं, तोवर रोप कुंडीत उभं होतं. बी न पिकताच उगवलेलं झाड! वहिनी त्याच्यासमोर बसून राही. हात जोडायचे तेवढे बाकी.

नणंदेला राहवेना. “वहिनी, त्या दिवशी ते फळ...”

“धक्क्यानं पडलेला टोमॅटो देठाच्या गाठीशी तुटतो, वन्सं. तुमच्या फळाला गाठीच्या वरचाही देठ होता. सरळ कापलेला.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझा हात चालला नसता,” कोवळ्या पानाखाली न टेकवता बोट धरत वहिनी म्हणाली. “ती कात्री काय मी उगाच तिथे टांगून ठेवली होती?”