पाण्याची टाकी

‘प-प-पाणी उद्या स-स-सकाळी येणार नाही,’ स्पीकर म्हणाला आणि कंपनीच्या मालकाचा, देवव्रतचा, चेहरा उतरला.

"परत अडकतंय!" तो ओरडला. "सर्वेश, काल तर मेसेज केलास, झालं म्हणून!"

समोर जयाताई बसल्या होत्या. मुलुंडला त्यांचं वाचा-उपचार केंद्र होतं. अडखळत बोलणाऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि त्यांना परत ऐकवायचं, यासाठी त्यांना प्रोग्राम हवा होता. पण देवव्रतने दिलेल्या पहिल्या प्रोग्राममध्ये मशीनच अडखळायचं. कॉम्प्युटर आवाज छोट्या छोट्या कप्प्यांत भरतो, त्यांना बफर म्हणतात. एक कप्पा वाजून संपेपर्यंत पुढचा भरून तयार लागतो. तो रिकामा राहिला की आवाज तुटतो.

"मागच्या महिन्यात एक मुलगी अख्खं वाक्य न अडखळता बोलली," जयाताई म्हणाल्या. "तुमच्या मशीनने तेच तोडून ऐकवलं. ती पुन्हा आलीच नाही. माफ करा, मी दुसरीकडे बघते." त्यांनी पर्स उचलली.

बफर सर्वेशने खरंच दुरुस्त केले होते. आज सकाळी अंधेरीच्या या ऑफिसात कोणी नव्हतं, म्हणून जिन्यातली पाण्याच्या टाकीची नोटीस त्याने स्वतःच माइकसमोर वाचून पाहिली. नंतर फाइल पुसायची राहिली, आणि देवव्रतने घाईत नेमकी तीच लावली.

हा आवाज कोणाचा, हे खोलीत एकट्या त्यालाच माहीत होतं. दोन वर्षं तो इथे ‘हो’ आणि ‘करतो’ यांवर निभावत होता. बाकी सगळं टाइप करून. आत्ताही टेबलाखाली मोबाइलवर त्याने लिहिलं होतं : ‘चूक सापडली. दोन दिवस द्या.’ फक्त पाठवायचं होतं. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाचा तरी आवाज लावला, की झकास. पण जयाताई दारापर्यंत पोचल्या होत्या.

सर्वेश उभा राहिला.

"म-मॅडम," तो म्हणाला. "प्रोग्राम ब-ब-बरोबर आहे. अ-अडकलो तो मी."

जयाताई परत येऊन बसल्या. त्यांनी माइक त्याच्याकडे सरकवला. "तेच वाक्य पुन्हा बोला. सावकाश."

तो बोलला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं, एकदा, दोनदा. कागदावर खुणा केल्या आणि वर पाहिलं.

"जिथे तुम्ही अडकलात, तिथेच हे अडकतं. ना एक जास्त, ना एक कमी. मला हेच हवं होतं." आणि सोमवारपासून प्रोग्राम केंद्रात बसवा, असं सांगून त्या गेल्या.

देवव्रत खुर्चीत मागे रेलला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. आता रागवायला मोकळा होता.

"दोन वर्षं झाली रे सर्वेश!" तो म्हणाला. "तुला बोलता येत नाही, हे एकदा तोंड उघडून सांगायचंस ना!"