आईची बोळवण

साळूबाईने भाकरी घेतली आणि भाजी परत केली.

"भाजी नगं, बाई. कोरडीच खाते."

डॉक्टर दमयंतीला नवल वाटले. बाई सकाळपासून दवाखान्याच्या ओट्यावर बसून होती, पोटात अन्नाचा कण नसावा. आणि दमयंतीच्या डब्यातली वांग्याची भाजी काही नाकारण्यासारखी नव्हती.

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याचा हा दवाखाना. सत्तर सालचा हंगाम ऐन भरात होता आणि जगभर हिंडून आलेला फ्लू इथेही मुक्कामाला उतरला होता. कॉलनीतल्या साहेबांच्या मुलांना तो झाला. चार दिवस त्यांनी लाड करून घेतले आणि पुन्हा विटीदांडू सुरू केला. ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या झोपड्यांत म्हणजे कोप्यांमध्ये, तोच फ्लू मुलांच्या छातीत उतरत होता. मागच्या आठवड्यात एक मूल गेले होते. ताप तोच, औषध तेच, मग तळावरच असे का? थंडी आणि अर्धपोटी राहणे ही कारणे दमयंतीला दिसत होतीच. पण तेवढ्याने तिचे समाधान होत नव्हते.

आज साळूबाईच्या बायडाची पाळी होती. चार वर्षांची पोर. साळूबाई तापाची पुडी न्यायला आली होती, पोरीला मात्र आणले नव्हते. बाहेर गारठा हाय, एवढेच म्हणत होती.

"श्वास कसा घेतेय?"

"बरगड्या आत जात्यात, बाई."

 इथे पुडीचे काम नव्हते. पोर आजच्या आज कोपरगावच्या मोठ्या दवाखान्यात गेली नाही तर वाचणार नव्हती. आणि तिची आई भाजी परत करत होती.

तेव्हा कुठे दमयंतीच्या डोक्यात प्रकाश पडला. धाकट्या भावाला गोवर निघाला तेव्हा तिच्या माहेरीही फोडणी बंद झाली होती. गोवर म्हणजे देवी, आई; ती घरात पाहुणी असली की तेल तडतडू द्यायचे नाही, पोराला उंबऱ्याबाहेर काढायचे नाही आणि दुखण्याचे नाव तर कुणाजवळ घ्यायचेच नाही.

"साळूबाई, घरात आई आलीय का?"

साळूबाईला रडू फुटले. "अंगावरचं कवाच गेलं, बाई. पर आईची बोळवण गावाकडं आमच्या देवळात करावी लागती. हंगाम संपल्याबिगर मुकादम गावाला सोडीत न्हाई. बोळवण न करता पोर भाईर काढली तर आई कोपंल, आन् घरात ठिवली तर तापानं जाईल. म्या काय करू?"

 गोवराने आधीच खिळखिळी केलेली पोर. त्यावर कोरड्या भाकरीचे पथ्य आणि अंधाऱ्या कोपीत कोंडून राहणे. फ्लूला आणखी काय हवे होते? कॉलनीत आलेली देवी आठवड्याभरात वाजतगाजत देवळात पोचती होई. इथे बिचारीला परत जायला वाटच नव्हती.

'कसली देवी आणि कसला कोप!' हे शब्द दमयंतीच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले. शिकलेल्या माणसाला हे जरा जडच जाते.

ती घरी गेली. देव्हाऱ्यापुढचा नारळ, ओंजळभर तांदूळ आणि एक नवा खण घेऊन बाहेर आली, आणि तिने कारखान्याच्या जीपवरच्या राधाकृष्णला हाक मारली.

"तळावर? जीप?" राधाकृष्ण चपापला. "सायबांनी इचारलं तर काय सांगू?"

"पाहुणी सोडायला गेलो होतो म्हणून सांग."

कोपीच्या दाराशी दमयंतीने चपला काढल्या. वाकून आत गेली. बायडाची छाती भात्यासारखी चालली होती. दमयंतीने खण उलगडला, तांदूळ आणि नारळ घालून पोरीची ओटी भरली आणि तिच्या तापलेल्या पावलांवर डोके ठेवले. हे नाटक आहे असे तिला त्या क्षणी मुळीच वाटले नाही.

"आई, तुम्हाला गंगेवर सोडायला गाडी आणलीय," ती म्हणाली. मग साळूबाईकडे वळली. "गोदावरी काही एकट्या कोपरगावची नाही, पुढे तुमच्याच मुलखात जाते. तुमच्या आईला चालेल ना?"

साळूबाईने पोरीच्या ओटीतला खण सारखा केला. बाहेर जीपचे इंजिन धडधडत होते.

"गंगेला कोन न्हाई म्हनंल?" असे म्हणून तिने पोर उचलली.

पुलाजवळ जीप थांबली. साळूबाईने नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि स्वतःच राधाकृष्णला म्हणाली, "आता हाक बिगीनं."

मोठ्या दवाखान्यात ऑक्सिजन लागला, इंजेक्शने सुरू झाली. पहिले दोन दिवस काहीच खरे नव्हते. मग एका सकाळी बायडाने सुई घेऊन आलेल्या नर्सला तळावरची एक झणझणीत शिवी हासडली, आणि पोर जगली हे साऱ्या वॉर्डाला कळले. दमयंती खूप हसली आणि हसता हसता रडली.

आठवड्याने मायलेकींना घेऊन जीप तळावर परतली. एरवी डॉक्टर आली की तळावरची पोरे दिसेनाशी व्हायची आणि कोप्यांची तोंडे बंद व्हायची. आज एकूण एक कोपीपुढे बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कडेवर गोधडीत गुंडाळलेले मूल होते. कुणी त्याच्या ओटीत मूठभर जोंधळे घातले होते, कुणी नुसताच गुळाचा खडा.

सगळ्यांत पुढे असलेल्या म्हातारीने नातवाला वर उचलून धरले.

"डाक्टरीनबाई, आमच्याबी घरची आई निघायचं म्हनतीया."